पाटी आणि पाठ

विद्या आणि विद्येचे साधन ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, हे आपल्याकडे कोणास समजावून द्यावे लागत नाही. भूर्जपत्र मागे पडले, ताडपत्र मागे पडले, कागद आला, त्यामागून छापखाना आला. ग्रंथातील मजकूर मात्र एका साधनावरून दुसऱ्यावर उतरत राहिला. तो आपोआप उतरला नाही, एवढे आपण विसरतो. प्रत्येक पिढीत कोणीतरी बोरू हाती घेऊन नक्कल केली म्हणून तो उरला. जेथे नकलणारा भेटला नाही तेथे ग्रंथाचे केवळ नाव उरले. मोडी लिपीची कथाही ह्याच जातीची आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल शाबूत आहेत; उणीव आहे ती वाचणाऱ्यांची.

हाच जुना प्रश्न आपल्या काळात एका नव्या क्षेत्रात उभा राहिला आहे. आज मुले आणि प्रौढ संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर संपूर्ण अभ्यासक्रम शिकतात. असे अभ्यासक्रम रचण्याचा उद्योग साठ वर्षांहून जुना आहे, आणि एवढ्या अवधीत पडद्यामागील साधने अनेकवार पालटली. प्रत्येक पालटाबरोबर पाठ रचण्याची रीत बदलली. आणि पुष्कळदा जुने पाठ कायमचे बंद झाले. पाटी बदलली म्हणून पाठ पुसला जावा काय, हा ह्या इतिहासातील खरा प्रश्न होय.

आरंभ महाजालाच्या पुष्कळ आधी झाला. १९६० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर ह्यांनी संगणकाकडून शिकवण्याची एक यंत्रणा उभारली. तिचे नाव प्लेटो. विद्यार्थ्याने पडद्यावरील प्रश्न वाचावा, कळफलकावर उत्तर द्यावे आणि यंत्राने ते तपासून पुढचा मार्ग दाखवावा, अशी तिची पद्धत. ह्या यंत्रणेसाठी चांगला पडदा हवा म्हणून १९६४ मध्ये बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लाझ्मा पडदा शोधून काढला. १९६७ मध्ये पॉल टेन्क्झार ह्यांनी पाठ लिहिण्यासाठी ट्यूटर नावाची संगणकभाषा रचली. हेतू असा की, अध्यापकाने तंत्रज्ञाच्या दारी न जाता स्वतःच पाठ लिहावा. अध्यापकांनी तसे पाठ लिहिलेही. परंतु ट्यूटरमध्ये लिहिलेला पाठ प्लेटोच्याच यंत्रणेवर चाले. दुसरीकडे तो नेता येत नसे. पाठ आणि पाटी एकजीव झाली होती, आणि पाटी विद्यापीठाबाहेर सर्वांस परवडणारी नव्हती.

ही बेडी तोडली ती महाजालाने. जिनीव्हा येथील सर्न ह्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ मध्ये आपली योजना मांडली, १९९१ मध्ये महाजाल संस्थेबाहेरील लोकांस खुले झाले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचा वापर सर्वांस विनामूल्य मोकळा करून दिला. त्याची पाने एचटीएमएल ह्या साध्या खुणांच्या भाषेत लिहिली जात. मजकूर अक्षरांत लिहावयाचा. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, एवढ्या खुणा करावयाच्या. पान कोणत्याही कंपनीच्या संगणकावर उघडे. ज्या अध्यापकास चार खुणा अवगत झाल्या, त्याने आपली टिपणे, प्रश्नपत्रिका आणि वाचनाच्या याद्या महाजालावर ठेवण्यास आरंभ केला. ते पाठ दिसावयास ओबडधोबड होते, पण त्यांचा कर्ता आणि मालक एकच होता.

पुढची गरज व्यवस्थेची. वर्गात विद्यार्थी कोण, कोणी काय वाचले, कोणास किती गुण मिळाले, ह्याची नोंद साध्या पानास ठेवता येईना. १९९६ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे मरे गोल्डबर्ग ह्यांनी वेबसीटी ही आज्ञावली लोकांपुढे आणली. १९९७ मध्ये अमेरिकेत ब्लॅकबोर्ड कंपनी निघाली. आता अध्यापकास खुणाही शिकावयास नकोत. तयार चौकटीत मजकूर भरला की वर्ग उभा. पण चौकट आली म्हणजे चौकटीचा आकारही आला. ह्या आठवड्याचे वाचन, चर्चा, प्रश्नावली, गुणपत्रक, असा साचा शेकडो विद्यापीठांत सारखाच दिसू लागला. २००६ मध्ये ब्लॅकबोर्डने वेबसीटी विकत घेतली, पुढे वेबसीटीचे नाव मागे पडले, आणि तिच्यात मांडलेले अभ्यासक्रम दुसऱ्या घरात हलवावे लागले. त्यात एक शब्दही कोणी चुकीचा लिहिला नव्हता. केवळ घरमालक बदलला होता.

ह्या अडचणीवर दोन उपाय निघाले. पहिला, खुल्या आज्ञावलीचा. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुगियामस ह्यांनी मूडल रचली; तिची पहिली पूर्ण आवृत्ती २० ऑगस्ट २००२ रोजी निघाली. डुगियामस ह्यांचे बालपण वाळवंटातील दुर्गम वस्तीत गेले होते, आणि त्यांस तेथे रेडिओवरून शाळेचे पाठ मिळाले होते. दूर बसलेल्या विद्यार्थ्याची अडचण त्यांस ग्रंथांतून शिकावी लागली नव्हती. मूडलची संहिता कोणासही घेता येते आणि बदलता येते. त्यामुळे मूळ कर्ता निवृत्त झाला तरी ती चालू ठेवण्याचा अधिकार सर्वांकडे राहतो.

दुसरा उपाय मानकांचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ मध्ये हाती घेतलेल्या उपक्रमातून स्कॉर्म हे मानक निघाले. त्याची २००१ ची आवृत्ती विशेष रूढ झाली. कल्पना सोपी होती. पाठाचे गाठोडे बांधावे, आतील वस्तूंची यादी ठरावीक नमुन्यात लावावी, आणि गुण व पूर्णता कळवण्याची बोली सर्वांनी एकच वापरावी. मग ते गाठोडे कोणत्याही व्यवस्थेत उघडेल. पाठ पुष्कळ ठिकाणी हलवता आले, हा लाभ मोठाच. तथापि ह्या बोलीत मुख्यतः एवढेच सांगता येई की, एका विद्यार्थ्याने पाठ उघडला, इतका वेळ घेतला, इतके गुण मिळवले आणि तो पुरा केला. म्हणून पाठही तसेच रचले गेले : एकट्याने पाने पुढे ढकलावयाची आणि अखेरीस प्रश्न सोडवावयाचे. साधनास जे मोजता येते तेच शिकवण्याकडे रचनाकाराचा कल होतो, हा धडा येथे प्रथम स्पष्ट दिसला.

ह्याच सुमारास फ्लॅशचा उदय झाला. १९९६ मध्ये निघालेली एक लहान चित्र-आज्ञावली मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेतली आणि तिला हे नाव दिले. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ॲडोबीच्या ताब्यात गेली. त्या काळच्या मंद जोडणीवरूनही फ्लॅशची हलती चित्रे सुरळीत चालत. हृदयाचे स्पंदन, ग्रहांचे भ्रमण, विजेचे मंडल, ह्या गोष्टी पानावरील स्थिर आकृतीत दाखवता येत नाहीत. फ्लॅशमध्ये त्या डोळ्यांपुढे घडू लागल्या. शिक्षणक्षेत्राने तिचे स्वागत केले ह्यात नवल नाही. परंतु कामाची वाटणी मात्र पालटली. पूर्वी अध्यापक स्वतः पान लिहीत असे. आता तो मजकूर सांगे, चित्रकार चित्रे काढी, तंत्रज्ञ ती हलवी. तयार झालेला पाठ बंद पेटीसारखा असे. त्यातील एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारावयाचे झाले, तरी मूळ फाइल आणि ती उघडणारी विकतची आज्ञावली, दोन्ही हाताशी लागत. मूळ फाइल हरवली म्हणजे चूकही अजरामर झाली.

शिवाय फ्लॅश ब्राउझरमध्ये स्वतंत्रपणे बसवावी लागे, आणि तिची किल्ली एकाच कंपनीच्या हाती होती. २००७ मध्ये आयफोन आला, त्यावर फ्लॅश चालत नव्हती. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी उघडे पत्र लिहून ती न घेण्याची कारणे सांगितली : ती एका कंपनीच्या मालकीची आहे, तिच्यात सुरक्षिततेच्या उणिवा आहेत, ती बॅटरी खाते आणि बोटाने चालवण्याच्या पडद्यास ती सोयीची नाही. ही कारणे निराधार नव्हती. २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइलवरील फ्लॅशचा विकास थांबवला. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएलची पाचवी आवृत्ती अधिकृत मानक ठरली आणि चित्रपट, ध्वनी व हालचाल ह्यांस वेगळ्या जोडणीची गरज उरली नाही. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने शेवटची तारीख जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशची देखभाल थांबली आणि १२ जानेवारी २०२१ पासून तिने पाठ चालवण्याचेच नाकारले. जावा भाषेत रचलेले, ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रयोगही ह्याच दशकात बंद पडले.

ह्या घटनेचा अर्थ नीट पाहावा. साडेतीन वर्षांची पूर्वसूचना होती. ज्यांच्याकडे मूळ फायली, माणसे आणि पैसा होता, त्यांनी पाठ पुन्हा रचले. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन ह्यांनी २००२ मध्ये सुरू केलेला फेट प्रकल्प हे ह्याचे उत्तम उदाहरण. त्याचे दृश्य प्रयोग जावा आणि फ्लॅश ह्यांत होते. ते एकेक करून नव्या एचटीएमएलमध्ये लिहिले गेले. आणि लिहिताना केवळ नक्कल केली नाही, तर बोटाने चालवता यावेत, केवळ कळफलकावरून चालावेत, अंधांस वर्णन ऐकू यावे, अशा सुधारणाही क्रमाने होत गेल्या. पडद्यावरील शब्द प्रयोगाच्या यंत्रणेपासून वेगळे ठेवलेले असल्यामुळे भाषांतरकार तेवढेच शब्द बदलू शकतो. म्हणून हे प्रयोग मराठीतही उपलब्ध झाले. हा झाला सुस्थितीतील संस्थेचा जीर्णोद्धार. परंतु एकट्या शिक्षकाने रात्री जागून रचलेल्या पाठास असा आश्रय कोठला? असे पाठ बंद झाले तेव्हा त्यांची कोठे नोंदही झाली नाही. रफल ह्या खुल्या आज्ञावलीच्या साहाय्याने काही जुन्या फ्लॅश फायली आज पुन्हा चालवता येतात, आणि इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून अशा फायली जपण्याचे काम आरंभिले. पण जपण्यासाठी फाइल मुळात कोणीतरी ठेवलेली असावी लागते.

ह्याउलट बर्नर्स-ली ह्यांच्या पहिल्या संकेतस्थळाची पाने पाहा. सर्नने २०१३ मध्ये ती मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली, आणि आजच्या ब्राउझरमध्ये ती बिनतक्रार उघडतात. फ्लॅशमधील पाठ त्यांहून कितीतरी तरुण आणि देखणा. तो मुका झाला. साध्या अक्षरांचे, उघड मानकाचे पान टिकले.

आपल्या भाषांच्या बाबतीत हा प्रश्न दुहेरी होता. देवनागरीसाठी भारतीय मानक १९८८ मध्ये ठरले होते आणि त्याच्या आधारे युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस १२८ स्थाने मिळाली होती. तथापि घराघरांतील संगणकांवर ते पोहोचण्यास आणखी पुष्कळ वर्षे गेली. तोवर प्रत्येक विक्रेत्याचा फॉन्ट निराळा आणि त्याची अंतर्गत अक्षरयोजनाही निराळी. संगणकाच्या दृष्टीने तेथे मराठी अक्षर नव्हतेच. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पाठ उघडला की, निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. कोंकणी देवनागरी पाठांचीही गत तीच. फ्लॅशमध्ये तर २००८ च्या दहाव्या आवृत्तीपर्यंत जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोयच नव्हती. म्हणून रचनाकार मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये किंवा चित्र म्हणून बसवीत. असा पाठ शोधता येत नसे, त्यातून उतारा घेता येत नसे, आणि फ्लॅश गेल्यावर त्याचे शब्द परत मिळवणेही दुष्कर झाले. इंग्रजी पाठाची केवळ पेटी मोडली. मराठी पाठाची पेटीही मोडली आणि आतील अक्षरेही अक्षरे म्हणून उरली नाहीत. युनिकोड रुळल्यावर मात्र चित्र पालटले. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातील मजकूर आज कोणत्याही साध्या मोबाइलवर वाचता येतो, तो त्यामुळेच.

ह्यानंतरचा काळ चित्रफितींचा. भारतात सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम आरंभिला. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या अभ्यासक्रमास सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली आणि पुढल्याच वर्षी कोर्सेरा व एडएक्स ह्यांचा जन्म झाला. पडद्यावरील पाठ किती लांब असावा हेही मग विद्यार्थ्यांच्या वर्तनावरून ठरू लागले. २०१४ मध्ये एडएक्सवरील ६९ लाख चित्रफीत-दर्शनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सहा मिनिटांहून लहान फिती सर्वांत अधिक पाहिल्या जातात असे आढळले. तासाभराचे व्याख्यान तुकड्यांत विभागले जाऊ लागले. भारताच्या स्वयम् ह्या शासकीय व्यासपीठाचा आरंभ ९ जुलै २०१७ रोजी झाला. २०१६ पासून स्वस्त झालेल्या डेटामुळे मोबाइल हीच बहुसंख्यांची पाटी झाली. महाराष्ट्रात बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापले गेले आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्यांचे मोल सर्वांस कळले. छापील पुस्तक आणि महाजाल ह्यांचा हा सांधा मोठा शहाणपणाचा आहे. संकेताआडचे पान बदलता येते आणि पुस्तक हाती राहते.

ह्या सर्व प्रयोगांत आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष मननीय वाटतो. २००९ पासून चाललेल्या ह्या उपक्रमात सुमारे दहा मिनिटांचे पाठ असतात. प्रथम पाठाची संहिता लिहितात, ती तपासून घेतात, मग पडद्यावरील कृती मुद्रित करतात आणि निवेदन त्यावर चढवतात. चित्र तेच ठेवून निवेदन तेवढे मराठीत अथवा अन्य भारतीय भाषेत देता येते. चित्रफितीचे स्वरूप उद्या कालबाह्य झाले, तरी संहिता हाती आहे, आणि संहितेवरून पाठ पुन्हा घडवता येतो.

आता ह्या इतिहासातून काय घ्यावयाचे? साधा मजकूरच ठेवावा, हालचाल आणि चित्र वर्ज्य करावे, असा ह्याचा अर्थ नव्हे. विजेचे मंडल स्वतः जोडून पाहणाऱ्या मुलास जे कळते ते परिच्छेद वाचून कळत नाही. अर्थ एवढाच की, पाठाचा गाभा आणि त्याचे वेष्टन ह्यांची गाठ सैल ठेवावी. संहिता युनिकोडमध्ये, उघड्या स्वरूपात, स्वतंत्र ठेवावी. चित्रांच्या, ध्वनीच्या आणि प्रयोगांच्या मूळ फायली तिच्याजवळ जपाव्यात. एकाच कंपनीच्या दारातून आत जावे लागेल अशी रचना शक्य तो टाळावी. आणि नवे साधन निवडताना त्यात पाठ कसा शिरेल ह्याबरोबरच तो बाहेर कसा काढता येईल, हे विचारावे. शेवटचा प्रश्न पुष्कळदा विचारला जात नाही, कारण उद्घाटनाच्या दिवशी निरोपाची भाषा अशुभ वाटते. वस्तुतः गेल्या साठ वर्षांत तो ज्यांनी विचारला त्यांचेच पाठ अधिक टिकले.

आणखी एक खर्च आपण हिशेबात धरीत नाही. पाठ रचण्यास निधी मिळतो, त्याचे कौतुकही होते. पण पाच वर्षांनी तो तपासून नव्या साधनावर उतरवण्यास कोणी निधी ठेवीत नाही. पोथीची नक्कल करणारास आपल्या पूर्वजांनी धान्य-वस्त्र दिले, कारण नक्कल हेही विद्यादानच होय हे त्यांस ठाऊक होते. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील आमच्या ज्या शाळा, वाचनालये आणि पाठशाळा आज मराठी-कोंकणीत ध्वनिफिती व चित्रफिती तयार करीत असतील, त्यांनी दर पाठामागे थोडा वाटा ह्या नकलेसाठी बाजूस काढावा, ही आमची नम्र सूचना आहे. मोठ्या भाषांतील पाठ बुडाला तर दुसरा कोणी पुन्हा लिहील. आपल्याकडे एका विषयाचा एखादाच पाठ असतो आणि तो रचणारा शिक्षकही बहुधा एकच. तो पाठ बुडाला की विषयच त्या भाषेतून काही काळ नाहीसा होतो.

पाट्या ह्यापुढेही बदलतील. २०२२ पासून संभाषण करणाऱ्या आज्ञावली आल्या आहेत, आणि पाठ कसा असावा हा प्रश्न त्यांनी पुन्हा नव्याने मांडला आहे. त्यांचे भवितव्य काय हे काळ ठरवील. परंतु मोडीचा कागद निदान जाणत्याची वाट पाहत शतकभर रुमालात पडून राहू शकला. आपल्या आजच्या पाठांस तेवढी सवड नाही. जी नक्कल करावयाची ती पाटी शाबूत आहे तोवरच करावी लागेल.